शेवटच्या कडव्यातलं नाव

दाऊद मास्तरानं मला फसवलं. माझं भजन माझ्या तोंडून लिहून घेतलं, शेवटच्या कडव्यात माझं नाव होतं ते काढून तिथं आपलं घातलं आणि सांगलीच्या मेळ्यात भरल्या मांडवात म्हटलं. हे आधी लिहा, बाकीचं मग सांगतो, कारण बाकीचं सांगायला लागलो की मी वाहवत जातो, लोक म्हणतात याकोबदादा किती छान बोलतो, आणि मुद्दा तसाच राहून जातो. आणि तुम्हीसुद्धा लिहून घेताय म्हणून आधीच विचारून ठेवतो, तुमचा शेवटी काय विचार आहे? राग मानू नका, लिहून घेणाऱ्यांचा मला एकदा अनुभव आलेला आहे.

माझं गाव इस्लामपूरच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. जन्म मांगवाड्यातला. बाप दोर वळायचा आणि लग्नाकार्यात हलगी वाजवायचा, दोन्हीत त्याचा हात असा बसलेला की डोळे मिटून करायचा. बापाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. राणू होता तो रूबेन झाला, पण गाव शेवटपर्यंत राणूच म्हणत राहिलं आणि कामंही राणूचीच सांगत राहिलं. गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात आमच्या घरचं दावं, प्रत्येक मोटेला आमचा नाडा, आणि त्याबद्दल काय, तर सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. मळणी उरकली, पोती शिवून झाली, की खाली जे मातीत मिसळून राहिलंय ते तुमचं. बाप धोतराचा सोगा पसरायचा आणि वर हसायचाही. मला ते हसणं बघवायचं नाही. मला मिसरूड फुटलं तसं मी घरात सांगितलं, उद्यापासून आपला दोर कराडच्या बाजारात जाणार. बाप म्हणाला, आरं गाव काय म्हणंल. मी म्हटलं, गावाला दावं लागलं तर गाव बाजाराला यील.

आणि आलं की. पहिल्याच बाजारी आमच्या गावचा एक बागायतदार माझ्या दोरांपुढं उभा राहिला, म्हणाला, काय रं याकूब, गावात देत हुतास त्योच दोर हितं इकायला बसलास व्हय. मी म्हटलं, न्हाई आण्णा, गावात दिला त्यो सैल व्हता, ह्याचा पीळ बघा. तुमचा खोंड एका टोकाला बांधा, दुसऱ्या टोकाला तुमी सोता बांधून घ्या, कोण आधी सुटतंय बघू. आजूबाजूची माणसं हसली, तो लाल झाला, आणि त्यानं दोन कासरे घेतले, मी सांगितलेल्या भावानं घेतले. तेव्हापासून माझं नाव पडलं, याकोब भाव सोडत नाही. खरं आहे. माझं डोकं लवकर तापतं हेही खरं आहे, पण तापलं म्हणून मी कधी खराब माल दिला नाही. माझी भाषा ही अशी, अर्धी देवळातली, अर्धी बाजारातली. देऊळ म्हणजे आमचं चर्च, तिथं आयतवारच्या शब्बाथशाळेत अक्षरं शिकलो, वाचतो बोट ठेवून, लिहिणं मात्र सहीपुरतं.

आता भजनाचं. दोर वळायचा म्हणजे काय असतं, एक जण टोक धरून पीळ देत बसतो आणि दुसरा काखेतला वाख, म्हणजे घायपाताचे धागे, सोडत सोडत मागं मागं चालत जातो. आमच्यात पीळ द्यायला माझी बायको सगुणा बसते आणि मागं चालतो मी. सबंध दिवस उलटं चालायचं, तर तोंड गप्प कसं राहणार, काहीतरी म्हणत राहायचं, आणि बापाची हलगी अंगात होतीच. एका आयतवारी पाळकसाहेबांनी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. खरं बोलला म्हणून त्याला विहिरीत टाकलं, पाणी नव्हतं, नुसता चिखल, त्यात तो रुतत चाललेला. मग राजवाड्यातला एक परका नोकर दोर घेऊन आला, आणि दोराबरोबर त्यानं फाटक्या चिंध्याही खाली सोडल्या, की बाबा, ह्या आधी काखेत घाल, मग दोर घाल, म्हणजे दोर काचायचा नाही. काय सांगू तुम्हाला, ते ऐकून माझं चित्त उपासनेतून उडालं. सबंध शास्त्रात मला माझ्या धंद्याचा माणूस भेटला असं झालं. दुसऱ्या दिवशी वाख घेऊन मागं चालायला लागलो आणि भजन आपोआप यायला लागलं.

सोड दोर खाली देवा, सोड दोर खाली,
चिखलात माझी दोन्ही पावलं बुडाली.

असं धरून पुढं चिंध्यांचं कडवं, काखेचं कडवं, आणि शेवटचं हे,

याकोब म्हणे, टोक देवा, असू दे तुझ्या हाती,
ओढशील तवा येईन मी, तोवर चिखल साथी.

ज्यानं भजन केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात, ही आपल्या मुलखाची रीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून ती काही आम्ही नदीत सोडून आलो नव्हतो. देवळात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पाळकसाहेब पेटीवर बसले होते, त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं की हे याकोबाचं.

दाऊद मास्तर म्हणजे आमच्या भागातल्या मिशनच्या शाळांवर फिरणारे मास्तर. काळा कोट, डोक्याला पटका, आणि आवाज असा की एकदा सुरू झाले की जात्यावरची बाई हात थांबवून ऐकत बसेल. त्यांची भजनी मंडळी होती, गावोगाव कीर्तनं करायचे. आमच्याकडं मुक्कामाला आले, भजन ऐकलं, म्हणाले, याकोब, हे असं तोंडावर ठेवू नकोस, हरवून जाईल, मी उतरून घेतो. मी त्यांना घोंगडं अंथरलं, सगुणानं कोंबडी केली, आणि मी एकेक ओळ सांगत गेलो, ते लिहीत गेले. शेवटचं कडवं सांगितल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, व्वा. मला वाटलं कडव्याला व्वा म्हणाले.

त्या वर्षी मेळा सांगलीला होता. आमच्या सगळ्या मंडळ्या वर्षातून एकदा जमतात तो मेळा, नदीच्या अंगाच्या मोकळ्या जागेत मोठा मांडव घातलेला, लांबून लांबून माणसं आलेली. मांडवाचा दोर माझा. मी आधीच सांगितलं होतं, दोर देईन, त्याचं काही घेणार नाही, पण बांधणार मी, कारण दुसऱ्यानं गाठ मारायची आणि सुटली की नाव याकोबाच्या दोराचं. संध्याकाळच्या उपासनेत मास्तर उभे राहिले आणि माझं भजन सुरू केलं. मी आणि सगुणा पार मागं बसलो होतो. मी तिला कोपरानं ढोसलं, म्हटलं, ऐक. माझी छाती अशी भरून आली. मिशनचे साहेब मान डोलवायला लागले, बाया मागून म्हणायला लागल्या, आणि मग शेवटचं कडवं आलं, आणि मास्तरांनी म्हटलं, दाऊद म्हणे, टोक देवा.

याकोबाचं नाव काढून दाऊदाचं बसवलं, तर चाल कुठं जरासुद्धा अडखळली नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. आणि दाऊद नावाच्या माणसानं देवाचं गाणं केलं म्हटल्यावर आमच्या लोकांत शंका कोण घेणार, शास्त्रातल्या स्तोत्रं रचणाऱ्या दाऊद राजापासून ते कामच त्या नावाचं. साहेबांनी उठून मास्तरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मी उभा राहिलो. सगुणानं माझं धोतर धरलं. म्हणाली, बसा. मी म्हटलं, सोड. ती म्हणाली, आवं, गाण्यात तर म्हणताय वढशील तवा यीन, आन आता सोताच वढत निघालाय. मी म्हटलं, माझं नाव काढलं त्यानं. ती म्हणाली, तुमच्या नावाच्या बाबानं शास्त्रात सख्ख्या भावाला फशीवलंय, तुमी बसा गप. माझ्या बायकोचं हे असं आहे, बाजारात ती बसली असती तर मला कुणी विचारलं नसतं.

मी धोतर सोडवून घेतलं आणि मांडवाच्या बाजूनं पुढं गेलो. व्यासपीठाजवळचा मोठा खांब, त्याला ताणाचा दोर, त्याची गाठ माझ्या हातची. ती गाठ अशी असते की एक टोक ओढलं की सगळी सुटते. मी ते टोक हातात धरलं. एक हिसडा, आणि कापड मास्तरांवर, हारावर, साहेबांवर, सगळ्यांवर. जे व्हायचं ते होऊ दे, मग मी कापडावर उभा राहून सांगीन भजन कुणाचं, असं डोक्यात. मास्तरांना लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं होतं, आणि खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती, तीही त्यांच्याबरोबर म्हणत होती. साळूबाई तिचं नाव, हे मागाहून कळलं, कवठे महांकाळच्या बाजूची, रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, बोटांना चिंध्या बांधलेल्या. डोळे मिटून, आपल्याच लयीत, सगळ्यांच्या जरा मागं. शेवटचं कडवं आलं. मांडव म्हणाला दाऊद म्हणे. म्हातारी म्हणाली, साळू म्हणे, टोक देवा, असू दे तुझ्या हाती.

मला वाटलं हिला ऐकू आलं नाही. मी वाकून म्हटलं, आवं आजी, नाव चुकलं. म्हणाली, कुठं चुकलं? मी म्हटलं, साळू कुठनं आणलं तुमी? म्हणाली, माझं नाव हाय. मी म्हटलं, पण भजन तुमी केलंय का? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही कळत नसलेलं विचारतोय. म्हणाली, लेका, शेवटाला ज्यानं त्यानं आपलं नाव घालायचं असतंय, न्हाईतर देवाला कसं कळायचं हिरीत कोण हाय ते. दुसऱ्याचं नाव घेटलं तर देव दुसऱ्यालाच वर वढंल की. आमी चिखलातच.

भजन करणाऱ्याची ती खूण असते, हे आमच्या वाड्यातल्या पोरालाही माहीत, पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिनं आपल्या मनानं लावलं होतं. आणि मी तिथं टोक धरून उभा. म्हातारी म्हणाली, त्यो दोर धरून हुबा राहू नगंस, मांडव पडंल, बस हितं. मी टोक सोडलं, गाठ हातानं दाबून घट्ट केली, आणि बसलो तिच्या शेजारी. तिनं तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मीही म्हटलं, हळू, माझं नाव घालून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी मास्तरांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, मास्तर, भजन छान झालं. म्हणाले, देवाची कृपा. मी म्हटलं, कृपा देवाची, आणि भजन कुणाचं? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, अरे याकोब, देवाच्या कामात माझं तुझं काय करतोस. आता मला सांगा, ज्याच्या गळ्यात हार आहे त्यानंच हे म्हणायचं असतं का? माझं तुझं नको, असं नेहमी तोच म्हणतो ज्याच्याकडं माझं जाऊन बसलेलं असतं. खळ्यावरचे बागायतदारही असंच म्हणायचे. मी ताटावरून उठलो. उपाशी राहिलो, मास्तर पोटभर जेवले.

आमच्या पाळकसाहेबांना हे सगळं कळलं. ते तसे अबोल, पण त्यांना ते लागलं. गावी परत आल्यावर माझ्या घरी आले, म्हणाले, पहिल्यांदा भजन म्हटलं तेव्हा पेटीवर मी होतो, मी साक्षीदार आहे. पुढच्या मेळ्यात मी उभा राहून जाहीर करतो, मास्तरांनाही उभं करतो, तू फक्त व्हय म्हण. सगुणा चुलीपाशी होती, तिनं वळून माझ्याकडं बघितलं. बघा, मला हवं होतं ते दारात चालून आलं होतं. साहेब, हार, मांडव, सगळ्यांपुढं याकोबाचं नाव. आणि मी बाजारात बसणारा माणूस, समोरचा आपण होऊन माझ्या भावाला आला तर मी कधी मागं सरत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं ती म्हातारी आली. एकदा जाहीर झालं की हे भजन याकोबाचं, की मेळ्यातले शहाणे तिला सांगणार, आजी, साळू नाही म्हणायचं, याकोब म्हणायचं. आणि ती बिचारी म्हणेलही. खडी फोडता फोडता माझ्या नावानं देवाला हाक मारेल. मग तिला वर कोण काढणार? मी म्हटलं, साहेब, राहू द्या. त्यांना वाटलं मी रागानं म्हणतोय. म्हणाले, नीट विचार कर. मी म्हटलं, केलाय. ज्याच्या हातात टोक हाय त्याला वाटंल तवा तो वढंल. त्याला माझं नाव ठाऊक हाय.

असं म्हणालो खरा, पण म्हणून मनातनं गेलं असं समजू नका. कुठं कीर्तनात दाऊद म्हणे ऐकलं की कानशिलं तापायची. बाजारात माल राखून ठेवायची मला सवय आहे, भाव नसेल तर मी दोर परत घरी आणतो, पण माल घरात आहे हे दिसत तरी असतं. इथं देवाकडं ठेवलेलं, दिसत काही नाही, आणि हा गिऱ्हाईक असा की घासाघीसही करत नाही, नुसता गप्प बसतो. पाळकसाहेब म्हणायचे, देवाची वेळ असते. मी म्हणायचो, असू दे, पण माझीही काही वेळ आहे की नाही.

मग लढाई आली. आमच्या भागातली घरटी पोरं लष्करात गेली, दोराला तेवढ्या काळात मागणीही लय आली, ते असो. लढाई संपून गडी परत यायला लागले तेव्हाची गोष्ट. कराडच्या बाजारात वाळव्याकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा कासरा बघत होता. हिंदू, अंगावर अजून खाकी कोट, एका हाताची दोन बोटं गेलेली. दोर हातावरून सोडत होता आणि तोंडानं गुणगुणत होता, चिखलात माझी दोन्ही पावलं बुडाली. मी म्हटलं, गड्या, हे कुठलं रं गाणं? म्हणाला, बर्माकडं आमच्यात एक सैपाकी व्हता मिरजेकडचा, किरिस्ताव, त्यो म्हणायचा. सारखा पाऊस, खंदकात कमरंएवढा चिखल, त्यो म्हणायला लागला की आमी बी लागायचो. मी विचारलं, शेवटाला कुणाचं नाव घ्यायचा? म्हणाला, नाव ज्याचं त्याचं. सैपाक्यानंच सांगितलं व्हतं, ज्याला वर यायचंय त्यानं आपलं नाव घ्यायचं. म्या शिरपा म्हणे म्हणायचो. मी विचारलं, आणि तो सैपाकी? म्हणाला, त्यो न्हाई आला.

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. एक शब्द बोललो असतो तर तो पोरगा पाया पडला असता, बाजार गोळा झाला असता. पण तो त्या चिखलात उभा राहून आलेला, मी आपल्या अंगणात वाख घेऊन मागं चाललेला, कुठल्या तोंडानं सांगू हे माझं आहे म्हणून. म्हटलं, कासरा चांगला हाय, घिऊन जा. तो म्हणाला, लष्करातल्या माणसाला भाव जरा कमी करा की दादा. मी म्हटलं, पीळ बघ. त्यानं पीळ बघितला आणि घेतला, मी सांगितलेल्या भावानं. घरी सगुणाला सांगितलं तर ती डोळे पुसत म्हणाली, त्याला तरी फुकट द्यायचा व्हता. मी म्हटलं, का? भजन म्हटलं म्हणून? मग मास्तरालाही द्यायला पाहिजे.

पाळकसाहेब म्हणतात, याकोब, तो सैपाकी सांगलीच्याच मेळ्यात ते शिकला असणार, साळूबाईच्या आसपासच बसला असणार, आणि मास्तरांनी तिथं गायलं नसतं तर तुझं भजन तुझ्या अंगणातच राहिलं असतं. हे मला पटतं. देवानं कुठून कुठं दोर सोडला ते बघून मी गप्प होतो, मला त्यात काही कमी दिसत नाही. फक्त ते काम देवाचं, मास्तरांनी त्यात आपला वाटा मागू नये.

आता स्वराज्य आलं, सांगलीचं संस्थान गेलं, माझे गुडघेही जात आलेत, पण दोर अजून वळतो. घर दगडाचं बांधलं, मुलगी नर्स झाली, बाजारात माझी जागा ठरलेली आहे. साळूबाई दोन वर्षांमागं वारली, तिच्या मातीला मी गेलो होतो, तिथं तिच्या सुनेनं भजन म्हटलं, सुनेच्या नावानं. आमच्या देवळात हल्ली शेवटचं कडवं आलं की सगळे आपापलं नाव घेतात, त्या एका जागेला बाजार भरल्यासारखा गलका होतो, कुणाचं कुणाला कळत नाही, आणि मग टोक देवा म्हणताना सगळे पुन्हा एक होतात. मी त्या गलक्यात माझं नाव म्हणतो. मला ते पुरतं. तुम्हालाही देव बरं ठेवो.

पण दाऊद मास्तर अजून आहेत. सांगलीला मुलाकडं राहतात, आवाज गेला, चष्मा लावून वाचतात, तेव्हा तुम्ही हे छापलंत की त्यांच्यापर्यंत जाईल. मास्तर, हार मला नको, मेळ्यात तुम्हाला उभं करायचं नाही, नावसुद्धा राहू द्या. पण साळू खडीवर होती आणि शिरपा खंदकात होता, म्हणून त्यांनी आपलं नाव घेतलं. तुम्ही त्या दिवशी कुठल्या विहिरीत होता? असलात कुठं, कुणाला न सांगता असलात, तर मी माझा शब्द मागं घेतो. नसलात, तर ते शेवटचं कडवं तुम्ही कुणाला ऐकवत होता, याचं उत्तर द्या.